टाकी क्रमांक दोनचं सील

तराजूरावांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी वजनमापे खात्यात काढली. बाजारातले तराजू, पेट्रोल पंपांची मापं, दूधवाल्यांची लिटरं, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या, सगळं त्यांच्या नजरेखालून गेलं, आणि त्या धबडग्यात नाव कुठल्या कुठे गळून पडलं. कोटाच्या उजव्या खिशात सील ठोकायची पक्कड, डाव्या खिशात तार आणि शिशाच्या गोळ्या. कोटाला दोन्हीकडून एवढा भार, की बायको म्हणायची, "तुमच्या कोटाचाच तेवढा तोल बरोबर आहे, बाकी आनंद आहे."

कामाची पद्धत एकच. आधी सील, मग चौकशी. दुकानदार रडला, चिडला, चहा मागवला, काही उपयोग नाही. माप कमी भरलं तर सील, आणि जास्त भरलं तरी सील. "चुकीचं ते चुकीचं," एवढंच म्हणायचे. आणि माप बरोबर निघालं तर फक्त एक शब्द उच्चारायचे: "बरोबर." तो शब्द ऐकला की दुकानदाराच्या जिवात जीव यायचा. अठ्ठावीस वर्षांत लेखी आदेशाशिवाय त्यांचं सील कुणी उघडलं नव्हतं, स्वतः त्यांनीही नाही. हा त्यांचा सगळ्यात मोठा मान होता. दुसरा कुठला नव्हताच म्हणा.

त्यांची लेक जन्मली तेव्हाची गोष्ट तर सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ आहे. नर्सने बाळाला काट्यावर ठेवून वजन सांगितलं. तराजूराव म्हणाले, "काटा कधी तपासलाय?" नर्सला वाटलं, बाप आनंदाने बरळतोय. हे गृहस्थ तडक घरी गेले, प्रमाणित वजनांची पेटी घेऊन आले आणि काटा तपासला. चाळीस ग्रॅमचा फरक निघाला. बाळाच्या कागदावर दुरुस्ती करून घेतली, काट्याला सील ठोकलं आणि मग लेकीचं तोंड पाहिलं. सासूबाई पुढे महिनाभर जावयाशी बोलल्या नाहीत.

तर असे हे तराजूराव. आणि सरकारने त्यांना नेमकं कुठे पाठवावं?

झालं असं की सरकारने नवा कायदा केला. मूल व्हावं म्हणून डॉक्टर जे जे करतात, आणि प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जे भ्रूण वाढवतात, त्या सगळ्यावर नजर ठेवायची. परवाना कुणाला, भ्रूण किती, किती दिवस, कुणाच्या सहीने. कायदा झाला, खातं झालं, पाटी लागली, पण माणसं द्यायला कुणी तयार होईना. शेवटी इतर खात्यांनी आपल्याकडची नकोशी माणसं मोठ्या मनाने देऊन टाकली. उपसंचालक आले मत्स्यव्यवसाय खात्यातून. त्यांना म्हणे अंड्यांचा अनुभव होता. कारकून आला थिएटरांना परवाने देणाऱ्या खात्यातून. आणि मोजायचं काम आहे म्हटल्यावर तराजूराव आले.

पहिल्याच प्रशिक्षणात त्यांनी आपलं हसं करून घेतलं. शिकवायला आलेले प्राध्यापक समजावून सांगत होते, की संशोधनासाठीचा भ्रूण चौदा दिवसांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, तो गुन्हा आहे. तराजूरावांनी हात वर केला.

"चौदा दिवस म्हणजे कामकाजाचे, की सुट्ट्या धरून?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "भ्रूणाला रविवार नसतो हो," ते म्हणाले.

त्या दिवसापासून कारकुनाला चघळायला विषय मिळाला. चहाला किती वेळ आहे? कामकाजाचा की सुट्ट्या धरून? जेवायची सुट्टी किती? कामकाजाची की सुट्ट्या धरून? तराजूराव ऐकून घ्यायचे. त्यांच्या मते प्रश्न रास्त होता.

आणि मग एका सोमवारी ते पक्कड खिशात घालून एका दवाखान्याच्या तपासणीला गेले.

दवाखाना स्वच्छ, भिंती फिक्या निळ्या, बाहेरच्या बाकांवर जोडपी गप्प बसलेली. आतल्या खोलीत दुधाच्या कॅनसारख्या दोन मोठ्या टाक्या. त्यांची देखभाल करणाऱ्या लॅबवाल्या बाई बारीक, चष्मा लावणाऱ्या, आणि दर वाक्याला घड्याळाकडे बघणाऱ्या. त्यांनी टाकी क्रमांक दोनचं झाकण उघडलं तशी आतून वाफ उसळली.

"उकळतंय काय?" तराजूराव दोन पावलं मागे सरले.

"गार आहे साहेब. उणे एकशे शहाण्णव अंश."

"थर्मामीटर कधी तपासलाय?"

बाईंनी मुकाट्याने प्रमाणपत्र दाखवलं. तराजूरावांनी ते उजेडात धरून शिक्का पाहिला. "बरोबर," ते म्हणाले. बाईंना काय कळणार त्या शब्दाची किंमत! त्यांनी नुसती मान हलवली.

मग मोजणी. भ्रूण गोठवून ठेवतात ते प्लास्टिकच्या बारीक कांड्यांत, एका कांडीत एक. बाईंनी थर्माकोलच्या खोक्यात टाकीतला तो धुरकट, द्रवरूप नायट्रोजन ओतला आणि चिमट्याने एकेक कांडी त्यातल्या त्यात सरकवत मोजू लागल्या. तराजूराव बोटांवर मोजत होते. नोंदवहीत चाळीस. मोजल्या तर एक्केचाळीस.

"एक जास्त आहे," तराजूराव म्हणाले.

"ती रिकामी आहे साहेब. नवीन माणसाला शिकवताना वापरतो. आत साधं पाणी आहे."

"नोंदवहीत आहे का?"

"पाण्याची कशाला नोंद करायची?"

"मग ती आहे कुठून? आकाशातून पडली?"

"अहो, आहे ना इथेच, बघा की!"

"इथे आहे पण वहीत नाही. म्हणजे जास्त आहे. जास्त ते चुकीचं." आणि पक्कड बाहेर आलीसुद्धा. बाईंनी कांड्या घाईघाईने जागच्या जागी ठेवल्या, झाकण लावलं, आणि बघता बघता टाकी क्रमांक दोनच्या कडीला तार गुंडाळून शिशाचं सील बसलं. टाकीतला नायट्रोजन दहा-बारा दिवस पुरेल, आतल्याला धोका नाही, हे मात्र तराजूरावांनी दोनदा विचारून घेतलं. ते तेवढे दुष्ट नव्हते. पंचनामा लिहिला. सील तोडल्यास दवाखान्याचा परवाना रद्द, हे वाक्य लाल शाईने अधोरेखित केलं आणि ते समाधानाने घरी गेले.

मंगळवारी सकाळी कचेरी उघडायच्या आत खिडकीपुढे एक बाई उभी होती. अंगाने सडपातळ, केस घट्ट बांधलेले, गळ्यात शिवणाची टेप.

"ओळखलंत का साहेब?"

तराजूराव माणसं विसरायचे, मापं नाही. "मीटरपट्टी," ते म्हणाले. "लोखंडी. अर्धा सेंटिमीटर."

"जास्त!" ती बाई कडाडली. "अर्धा सेंटिमीटर जास्त होती! गिऱ्हाइकाला जास्त कापड जात होतं, नुकसान माझं होत होतं, आणि तुम्ही पट्टी जप्त करून नेलीत! अकरा वर्षं झाली. माझ्या आईची पट्टी होती ती."

"चुकीची ती चुकीची," तराजूराव सवयीने म्हणाले.

कापडवाली काहीतरी चांगलंच सणसणीत बोलणार होती. तोंड उघडलंही. पण तिने टेप मुठीत धरली आणि आवाज खाली आणला.

"भांडायला नाही आले. टाकी नंबर दोनमध्ये माझं एक आहे. सहा वर्षांपूर्वी पाच होते. चार वेळा केलं, चारही वेळा राहिलं नाही. आता एकच उरलंय. गुरुवारी ते पोटात ठेवायचं ठरलंय, महिनाभर औषधं चाललीत. आणि शुक्रवारी मला पंचेचाळीस पूर्ण होतात."

"कलम अकरा," तराजूरावांच्या तोंडून आपोआप निघालं. पंचेचाळीस पूर्ण झाल्यावर भ्रूण गर्भाशयात ठेवता येत नाही.

"हो, तेच. म्हणजे शुक्रवारनंतर ते तिथे राहणार. मी इथे राहणार. मग ते कशाला ठेवायचं? तुम्हाला मोजायला?"

तराजूरावांनी कागद पुढे सरकवला. दुसरं काय करणार? "सील उघडण्यासाठी अर्ज करा. समिती निर्णय घेते. एकवीस दिवस."

शेजारच्या टेबलावर कारकून बसला होता. सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "कामकाजाचे की..." आणि पुढे त्याला हसता येईना. तो चहाच्या कपात बघत बसला.

"कामकाजाचे," तराजूराव म्हणाले.

बाईने अर्ज भरला. सुंदर अक्षरात, समासाला रेघ मारून. जाताना एवढंच म्हणाली, "माझ्याकडून कधी कुणाला कमी गेलं नाही साहेब. आणि दोन्ही वेळेला धरलंत ते मलाच."

बुधवारी तराजूराव उपसंचालकांकडे गेले. साहेबांच्या टेबलावर अजूनही काचेच्या हंडीत दोन मासे फिरत होते. सगळं ऐकून साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अहो, आमच्याकडे अंडी घमेल्याने मोजत. एक जास्त, एक कमी, कोण बघतंय? आता सील तुम्ही मारलंय, उघडणार समिती. आणि समिती बसतच नाही."

"का?"

"कायद्यात लिहिलंय, समितीत एक सर्वसामान्य नागरिक हवा. सात महिने शोधतोय. जो येतो तो म्हणतो, मी सर्वसामान्य नाही. परवा एक केशकर्तनालयवाला आला होता, चांगला माणूस. अर्जात 'विशेष कौशल्य' विचारलं तर त्याने तीन पानं लिहिली. बाद करावा लागला."

तराजूराव जागेवर येऊन नियमपुस्तिका उघडून बसले. पहिल्या कलमापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत दोनदा वाचली. कुठेतरी एखादी फट असेल, एखादा अपवाद, एखादी तळटीप. काही नाही. नियम कुणीतरी अगदी काटेकोर माणसाने लिहिले होते. आयुष्यात पहिल्यांदाच तराजूरावांना तसल्या माणसाचा राग आला.

संध्याकाळी जेवताना त्यांचा घास तोंडाजवळ जाऊन परत ताटात यायला लागला. बायकोने तीनदा पाहिलं, चौथ्यांदा विचारलं, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "लेकीला काट्यावर ठेवलं होतं, आठवतं?"

"चाळीस ग्रॅमचा फरक होता."

"काट्यात फरकबिरक काही नव्हता हो. तुमचे हात एवढे थरथरत होते, की वजनं नीट बसतच नव्हती पारड्यात. सगळी नर्समंडळी बघत होती. मी बघत होते. कुणी बोललं नाही, कारण बाप पहिल्यांदा बाप झाला की असाच गडबडतो. चांगल्या काट्याला सील ठोकून आलात तुम्ही तेव्हा."

तराजूराव तिच्याकडे बघतच राहिले. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तुमचा मान होता ना तो. म्हटलं, राहू दे." तिने त्यांच्या ताटात उगाच थोडी भाजी वाढली. "पण त्या बाईचं शुक्रवारी काय राहणार हो?"

गुरुवारी सकाळी साडेनऊला तराजूराव दवाखान्यात हजर. बाकावर कापडवाली बसली होती. शेजारी तिचा नवरा, बसड्रायव्हर, खाकी गणवेशातच, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, पुढे रस्ता असल्यासारखा समोरच्या भिंतीकडे टक लावून. समितीची परवानगी येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. तरी आले होते. घरी बसवेना म्हणून.

तराजूराव त्यांच्याकडे न बघता सरळ आत गेले. लॅबवाल्या बाई टाकीपाशीच उभ्या होत्या.

"फेरमोजणी करायची आहे," तराजूराव म्हणाले.

"आदेश आला?"

"नाही."

"मग फेरमोजणीचा काही नियम आहे का?"

"नाही," तराजूराव म्हणाले. "नियम नाही. मी चुकलो."

हे दोन शब्द त्या तोंडाला इतके नवे होते, की ते उच्चारून झाल्यावर त्यांनाच घाम फुटला. त्यांनी पक्कड काढली. तारेला लावली. हात थरथरत होते. पहिल्यांदा पक्कड घसरली, दुसऱ्यांदा घसरली. लॅबवाल्या बाई पुढे झाल्या तसे ते जवळजवळ ओरडलेच, "तुम्ही हात लावू नका! तुमचा परवाना जाईल! माझं मला तोडू द्या!" तिसऱ्या वेळेला कट्‌ आवाज झाला आणि अठ्ठावीस वर्षांचा मान फरशीवर पडून टाकीखाली गडगडत गेला. तराजूराव गुडघ्यांवर बसून तो शोधत राहिले. मुद्देमाल होता, जमा करावा लागणार होता.

तेवढ्यात बाईंनी झाकण उघडलं. मोजणी झाली. चाळीस भरलेल्या आणि एक पाण्याची. तराजूरावांनी नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिलं: 'रिकामी कांडी, नग एक.' बाईंनी एका कांडीवरचं नाव मोठ्याने वाचलं, दोनदा, आणि ती बाजूला काढली. वहीत भरलेल्यांची संख्या एकोणचाळिसावर आली. त्या उणे एकाकडे तराजूराव बराच वेळ बघत राहिले.

मागच्या दाराने ते निघून गेले. बाकापाशी काय झालं ते त्यांनी पाहिलं नाही. पण कंपाउंडपर्यंत ऐकू आलं. बसड्रायव्हर हुंदके देऊन रडत होता आणि कापडवाली त्याला रागावत होती, "अहो, गप्प बसा ना, अजून काहीच झालं नाहीये!"

कचेरीत येऊन तराजूरावांनी रीतसर कारवाई केली. स्वतःविरुद्ध. विनाआदेश सील तोडल्याबद्दल स्वतःला कारणे दाखवा नोटीस काढली. ती खिडकीच्या आतून बाहेर सरकवली, मग दारातून बाहेर जाऊन खिडकीतून घेतली, पोच म्हणून सही केली आणि परत आत येऊन बसले. उत्तर द्यायला स्वतःला चोवीस तासांची मुदत दिली. ती पुरेशी नाही म्हणून मुदतवाढीचा अर्ज केला आणि तो फेटाळलाही. कारकून हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होता. शुक्रवारी खुलासा आला. एकाच ओळीचा: 'टाकीत एक जास्त नव्हते, माझी मोजणी चुकली होती.' शिक्षा म्हणून पक्कड जमा करून घेण्याची शिफारस त्यांनीच लिहिली. उपसंचालकांनी माशांना खाणं घालता घालता सही केली.

पक्कड कपाटात गेली. कोट एका बाजूने हलका झाला आणि तराजूराव काही दिवस जरा तिरकेच चालत होते.

आता दवाखान्यातलं ते काम होऊन चौदा दिवस थांबावं लागतं. त्यानंतर रक्त तपासतात आणि मग कळतं, राहिलं की नाही. हे तराजूरावांना पुस्तिकेतून माहीत होतं. ते रोज सकाळी कॅलेंडरवर बारीकशी रेघ मारू लागले. पहिल्या रविवारी कचेरी बंद, तरी घरच्या कॅलेंडरवर मारली. कारकुनाने एकदा टेबलाजवळून जाताना ते कॅलेंडर पाहिलं आणि कधी नव्हे ते गंभीरपणे विचारलं, "सुट्ट्या धरून ना?"

"धरून," तराजूराव म्हणाले.

चौदाव्या दिवशी दुपारी ते कापडवालीच्या दुकानात शिरले. अरुंद दुकान, छतापर्यंत तागे, एका कोपऱ्यात शिवणयंत्र. ती पाठमोरी काहीतरी घडी घालत होती. वळली, त्यांना पाहिलं, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"काय हवं साहेब?"

तराजूरावांनी काखेतलं लांबट पुडकं गल्ल्याच्या फळीवर ठेवलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोखंडी पट्टी. जुन्या खात्याच्या गोदामातून चार अर्ज, दोन स्मरणपत्रं आणि एक विनवणी करून सोडवून आणलेली. "वापरायची नाही," ते घाईघाईने म्हणाले. "भिंतीवर लावा. आईची आहे म्हणालात."

तिने पट्टीवरून हात फिरवला.

"आणि एक मीटर कापड द्या," तराजूराव म्हणाले. विचारायचं होतं दुसरंच, पण ते कसं विचारायचं याचा कुठे नियम नव्हता.

"कसलं?"

"कसलंही. मऊ."

तिने एक पांढरा तागा काढला, पसरला, आणि हात बाजूच्या नव्या, शिक्का असलेल्या पट्टीकडे गेला. पण मध्येच थांबला. तिने आईची लोखंडी पट्टी उचलली, त्यांच्या डोळ्यांत बघत कापडावर ठेवली आणि कात्री चालवली. सरळ, त्यांच्या देखत.

तराजूरावांचा हात उजव्या खिशात गेला. खिसा रिकामा होता.

"जास्त झालं ते," त्यांना राहवलं नाही.

"हो," कापडवाली म्हणाली. आणि आता मात्र तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "आमच्या घरीही तसंच झालंय साहेब. सकाळीच कळलं. मोजणीत एक जास्त निघालंय."

तराजूरावांनी कापडाची घडी दोन्ही हातांत घेतली. हात थरथरत होते, आणि या वेळी ते त्यांचं त्यांना दिसत होतं.

"बरोबर," ते म्हणाले.